साकुरा चित्ता

मनुरेवात माझ्या शेजारी एक जपानी आजी राहतात. त्यांच्या अंगणात चेरीचं झाड आहे. सप्टेंबरात, म्हणजे इथल्या वसंतात, ते फुललं की त्या कुंपणापाशी येऊन मला एखादा जपानी शब्द देतात आणि मी तो नीट म्हणेपर्यंत जागच्या हलत नाहीत. पाकळ्या वाऱ्यावर उधळतात त्याला एक शब्द, फुलांत पालवी डोकावते त्याला दुसरा. "हीप्स ऑफ शब्द," म्हणजे ढीगभर शब्द, असं म्हणून तोंडावर हात धरून हसतात.

माझ्या नर्सिंगच्या फेरपरीक्षेचा निकाल त्या दिवशी लागायचा होता, हे आजींनाही ठाऊक होतं. यातही नापास झाले तर कॉलेज सुटणार होतं. सकाळी रात्रीच्या वाऱ्याने झाड रिकामं झालेलं दिसलं; आजी खालच्या पाकळ्या झाडत होत्या. काहीतरी बोलायचं म्हणून मी त्यांच्याच भाषेत म्हणाले, "साकुरा चित्ता." म्हणजे चेरीची फुलं गळली.

त्यांचा झाडू थांबला. त्या माझ्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या. तशाच पाठमोऱ्या म्हणाल्या, "आईला कळवलंस?"

मी गोंधळले. तेव्हा त्यांनी सांगितलं, जपानमध्ये पूर्वी प्रवेशपरीक्षेत नापास झाल्याची तार जवळजवळ याच शब्दांत यायची. मला मोकळेपणी रडता यावं म्हणून त्यांनी पाठ फिरवली होती.

"आजी, निकाल अजून लागायचाय!"

"सॉरी, सॉरी," म्हणत त्या कितीतरी वेळा कमरेत वाकल्या.

मला मात्र त्यांचा प्रश्न लागून राहिला. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. तशी वेळ आलीच, तर आईला ते कुठल्या शब्दांत सांगतात, हे मला कुणी शिकवलेलं नव्हतं.