सूर्यकांत तोडणकरची बिनथंडीची शेगडी

सूर्यकांत तोडणकरला शेगडीची नोकरी थाप मारून मिळाली. त्यात त्याला काही वावगं वाटलं नाही. लग्नही तसंच जमलं होतं.

शारजाच्या वाळवंटात पर्यटकांसाठीच्या एका कॅम्पवर तो तंबू ठोकायच्या कामाला होता. कॅम्पच्या अरबाबला, म्हणजे मालकाला, युरोपात कुठेतरी बर्फात कोळशाची शेगडी दिसली आणि ती त्याच्या डोक्यात बसली. ओतीव लोखंडाची, काचेच्या दाराची, छतातून धुरांडं बाहेर काढलेली शेगडी जहाजाने आली. तिच्यासाठी लाकडी झोपडी उभी राहिली आणि झोपडीला 'विंटर लॉज' असं नाव पडलं. बाहेर विंटर म्हणजे संध्याकाळी लांब बाहीचा शर्ट घालावा की नाही, एवढाच प्रश्न.

मॅनेजर निखिल पुण्याचा. त्याने सगळ्यांना बोलावून विचारलं, "कोळशाचा एक्सपिरियन्स कुणाला आहे?"

"मी बोटीवर बॉयलरला होतो, सर," सूर्यकांत म्हणाला.

बोटीवर तो होता खरा, पण देवगडच्या मच्छीमार बोटीवर, आणि तिथे बॉयलर नावाची वस्तू नव्हती. पण तंबू ठोकून कंबरेचा भुगा झाला होता आणि शेगडीपुढे बसायला खुर्ची मिळणार होती.

पहिल्याच संध्याकाळी त्याने लाकडं पेटवून वर दगडी कोळशाचं घमेलं ओतलं. पाहुणे आले तेव्हा काचेमागे नुसता काळा ढीग होता. दुसऱ्या दिवशी त्याने राख खरवडून जाळी भांड्यासारखी लख्ख केली. आग आणखी लवकर विझली. सूर्यकांतने कोळशाला नावं ठेवली, धुरांड्याला ठेवली, ज्या देशात शेगडी घडली त्या देशालाही ठेवली.

"बॉयलरला होतास ना?" स्वयंपाकघरातून रुकय्याआपा म्हणाली. ती खेडची, कॅम्पवरच्या बिर्याणीवर आणि सगळ्यांच्या अब्रूवर तिचीच सत्ता. "बुडाली असणार ती बोट."

बायको स्वप्नाली व्हिडिओ कॉलवर खो-खो हसली. "घरी बंब पेटवायला सांगितला की तुमची पाठ धरायची. आणि तिकडे पगार घेऊन विस्तव राखताय?"

शुक्रवारी दुबईच्या डिस्कव्हरी गार्डन्समधून वैभवी नावाच्या बाई नवरा आणि मुलीला घेऊन आल्या. त्या दिवशी शेगडी कशीबशी धुमसत होती, तरी मुलगी कपाळ पुसत म्हणाली, "मम्मा, इट्स सो हॉट. कॅन वी गो आऊट?"

निखिलला युक्ती सुचली. त्याने दारं-खिडक्या लावून एसी अठरावर सोडला, म्हणजे गारठलेल्या पाहुण्यांना शेगडी हवीशी वाटेल. थोड्याच वेळात धुरांड्याने वर जाणारा धूर परत खाली पाठवला. झोपडी भरली. वैभवीबाई खोकत बाहेर, नवरा खोकत बाहेर, आणि मुलगी ओरडली, "वन्स मोअर!"

पाहुण्यांची माफी मागून झाल्यावर निखिल सूर्यकांतकडे वळला. "काका, उद्या अरबाबचे वडील येतायत. उद्या शेगडी नीट पेटली नाही, तर तुम्ही परत तंबूवर. खलास."

सूर्यकांत रुसला. राख न काढता, जाळी न झाडता, सगळं तसंच टाकून तो झोपायला गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी निखिल मोबाईल वाचत वाचत आला. शेगडी बनवणाऱ्यांना त्याने रात्रीच ईमेल टाकला होता. "काका, चूक माझीपण आहे. बाहेर थंडी असली की धुरांडं ओढतं. आपल्याकडे थंडी नाही, आणि मी आतलीच हवा गार केली. एसी बंद, दार उघडं. आणि हो, जाळीवर राखेचा जाड थर राहू द्यायचा. खालून हवा कमी लागते, निखारा टिकतो. तुम्ही राख काढली तर नाहीत ना?"

"मुद्दामच ठेवलीय, सर," सूर्यकांत म्हणाला.

त्या दिवशी त्याने राखेवर थोडीच लाकडं रचली, धुरांड्याच्या तोंडाशी कागद पेटवून ओढ सुरू केली, आणि लाकडं लाल झाल्यावर मूठ-मूठ कोळसा घातला. तो धरला की पुढची मूठ. खुर्चीत बसायला वेळच मिळेना. संध्याकाळी काचेमागे नारिंगी विस्तव शांत जळत होता आणि सूर्यकांत घामाने निथळत होता.

अरबाबचे वडील काठी टेकत आले. अख्खं आयुष्य दुबईच्या बंदरावर गेल्यामुळे म्हाताऱ्याचं हिंदी सूर्यकांतपेक्षा बरं होतं.

"ये किसलिए?"

"थंडी के लिए, बाबा."

म्हाताऱ्याने उघड्या दारातून बाहेर पाहिलं. "थंडी किधर है?"

"आएगी, इन्शाल्ला."

म्हातारा इतका हसला की निखिल पाणी आणायला धावला. मग त्याने गहव्याची, म्हणजे अरबी कॉफीची, किटली मागवली, शेगडीवर ठेवली, आणि ती रिकामी होईपर्यंत उठला नाही. त्यानंतर तो दर आठवड्याला येऊ लागला.

मधे चार दिवस खरंच गार वारा सुटला. तेव्हा शेगडी एकदा पेटवली की स्वतःच धडधडायची आणि सूर्यकांत कंटाळायचा. उकाडा परतला तसा तो खुशीत आला. आता ती त्याच्याशिवाय जळणार नव्हती. इतकी कुणाला त्याची गरज आजवर लागली नव्हती. निखिलकडे तो रोज आणखी एक घमेलं कोळसा मागू लागला.

मार्चमध्ये निखिल म्हणाला, "काका, बस झालं आता. पाहुणे येत नाहीत आत. विझवा."

"आजचा दिवस राहू दे, सर."

झोपडीत दोघंच उरली. रुकय्याआपाने राखेत दोन वांगी खुपसली आणि पदराने वारा घेत बसली. सूर्यकांतने सळईने निखारा अलगद हलवला. वांगी फुटली, साल काढून झाली, मीठ-मिरची पडली.

"जळकं लागतंय," आपा म्हणाली.

"खा गप," सूर्यकांत म्हणाला, आणि त्याने खुबूस रोटीचा मोठा तुकडा मोडला.