मागे चालवून पाहिलेली ऑपरेटिंग सिस्टिम

या विषयावर खरं तर सॉफ्टवेअर कंपनीत वर्षानुवर्षं काम केलेल्या माणसानं लिहायला हवं. मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि आमच्या घरात कॉलेजपर्यंत पोचलेला पहिलाच. तरी लिहितो आहे, त्याबद्दल आधीच माफी मागतो. चूक आढळली तर जरूर सांगा. चुका सांगण्याचं महत्त्व मला या प्रकरणातच कळलं.

तीर्थपुरीच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये बारा जण नवे कपडे घालून बसले होते आणि क्लासचे शिंदे सर सीपीयूसमोर नारळ फोडत होते. मी म्हणालो, "सर, पाणी कीबोर्डवर जाईल."

"जाऊ दे. शुभ असतंय."

कीबोर्ड त्यानंतर चालला नाही. माझ्या टेस्टिंगचा तो पहिला दिवस.

थोडं समजावून सांगतो. ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे कॉम्प्युटर सुरू करून सगळी कामं चालवणारं सॉफ्टवेअर. ही ओपन सोर्स होती, म्हणजे जगभरातले लोक मिळून करतात आणि फुकट देतात. तिच्यावरचे शब्द मराठीत करायचं काम मी वर्षभर करत होतो. मराठी टीम म्हणजे मी एकटाच. वडिलांना इंग्रजी येत नाही, त्यांना स्क्रीन वाचता यावी एवढाच माझा हेतू होता. नवी आवृत्ती निघण्याआधी, म्हणजे रिलीजआधी, लोकांकडून ती वापरून घेऊन दोष कळवायचे होते; यालाच टेस्टिंग म्हणतात. मी फॉर्म छापले. तीन रकाने: काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं.

संध्याकाळी फॉर्म वाचले. बाराही जणांनी लिहिलं होतं, 'उत्तम.' शाळेतून निवृत्त झालेल्या देशमुख गुरुजींनी लिहिलं होतं, 'पडदा काळा आहे. डोळ्यांना त्रास नाही. आयोजकांचे आभार.'

मी विचारलं, "गुरुजी, तुमचा कॉम्प्युटर तर सुरूच झाला नाही ना?"

"न्हाई झाला."

"मग तसं लिहायचं."

गुरुजींनी चष्मा काढला. "बाळा, त्या लोकांनी आपल्याला फुकट दिलं. वर आपण त्यांनाच नावं ठेवायची? बरं दिसत न्हाई."

बाकीच्यांनीही माना डोलावल्या.

मी ते फॉर्म तसेच इंग्रजी करून पाठवले. प्रकल्पाच्या कोऑर्डिनेटर मॅडम बेंगळुरूला असत. दोन दिवसांनी त्यांची मेल आली. बारा जणांना एकही दोष सापडला नाही, याचा अर्थ कुणी टेस्टिंग केलेलंच नाही. शुक्रवारपर्यंत खरे रिपोर्ट आले नाहीत तर या रिलीजमधून मराठी काढावी लागेल.

माझं वर्ष वाया जाणार होतं. त्या रात्री मी जेवलो नाही, तेव्हा माधवमामांनी विचारलं. मामा बैलबाजारात सौदे जुळवून देतात. मी सगळं सांगितलं.

मामा म्हणाले, "घरी आल्यावर पाव्हन्याच्या बैलाला कोन वाईट म्हन्तंय? बाजारात उभा कर, मंग बघ."

"म्हणजे?"

"त्यांला सांग, फुकट न्हाई. सौदा चालू हाय. घ्यायचा का न्हाई ते ठरवा."

खोटं बोलायला मन तयार होईना. शेवटी क्लासमध्ये सगळ्यांना पुन्हा बसवून मी एवढंच म्हणालो, "समजा, हा माल विकत घ्यायचा आहे. मालक इथं नाही." तेवढ्यानं काम झालं.

शिंदे सर म्हणाले, "घड्याळ साडेपाच तास मागं हाय. असला माल कोन घेईल?" एकानं तुटलेली जोडाक्षरं बोट ठेवून दाखवली. गुरुजींनी शेजारच्या चालू कॉम्प्युटरवर बसून दोन पानं भरली आणि तिसरं मागितलं. "बिलकुल घेऊ नका," असंही वर लिहिलं.

सौदा बघायला मामाही आले होते आणि पहिल्यांदाच कॉम्प्युटरसमोर बसले होते. इन्स्टॉलर, म्हणजे सिस्टिम बसवून देणारा प्रोग्राम, सुरू होता. खाली दोन बटणं: 'पुढे' आणि 'मागे'. सगळे 'पुढे' दाबत जात होते. मामा सहाव्या पानावर थांबले आणि 'मागे' दाबू लागले.

"मामा, तिकडं काही नाही."

"पुढं तर कोनताबी बैल चालतोय. मागच्या पायातली खोट मागं चालवल्यावरच कळती."

ते मागे मागे पहिल्या पानावर आले, पुन्हा पुढे निघाले आणि डिस्कचे भाग पाडायच्या पानावर सगळं गोठलं. माउस हलेना. मामांनी स्वतःच्या हातानं लिहिलं: 'मागे चालवल्यावर बसकण मारली. उठत नाही.'

हे पाठवावं की नाही, मला कळेना. हसतील असं वाटलं. पण मॅडमना खरे रिपोर्ट हवे होते आणि हा खराच होता. मी शब्दाला शब्द इंग्रजी करून गुरुवारी पाठवला.

मग क्लासच्या फोनची लाइन बंद पडली. क्लासमधलं इंटरनेट गेलं ते आलंच नाही. शुक्रवार गेला, पुढचा आठवडाही गेला. वडील रोज विचारायचे, "काही कळलं का?" शेवटी एसटीनं जालन्याला गेलो आणि कॅफेत मेल उघडली.

पहिली ओळ होती, रिलीज दोन आठवडे पुढे ढकललं आहे. मला वाटलं, आपल्यामुळंच. आणि ते खरंच होतं. मॅडमनी लिहिलं होतं, तो दोष सगळ्या भाषांत निघाला. इतके महिने जगभर टेस्टिंग झालं, पण 'मागे' कुणी दाबलंच नव्हतं. आता दुरुस्ती झाली आहे. दोषांच्या यादीत त्याचं नाव माझ्या भाषांतराप्रमाणेच ठेवलं आहे: 'बसकण मारते, उठत नाही.' मराठी राहणार आहे.

तेव्हापासून माझ्या प्रत्येक फॉर्मवर चौथा रकाना असतो: मागे चालवून पाहिलं का?

एसटीडी बूथवरून घरी फोन लावला. मामांनी उचलला. मी बातमी सांगितली.

"ते बराबर हाय," मामा म्हणाले. "पन आता उठला का?"

"उठला, मामा."

"मंग घ्यायला हरकत न्हाई."