ग्रहणातला कोयता

फसवलं माझ्या आईला. दुष्काळाच्या वर्षी, धाकट्या भावाच्या बारशाला, भर दुपारी. पाळण्याची दोरी अजून आजीच्या हातात होती.

विहीर आटली म्हणून चाळिशीला टेकलेली आई पोटुशी असूनही वडिलांबरोबर ऊसतोडीला गेली होती. मी मागं मोळ्या बांधत होते. फडातच सूर्यग्रहण लागलं. आईनं कोयता खाली ठेवला. पोटुशीनं ग्रहणात काही कापू नये, हे आमच्याकडं लेकरालाही ठाऊक.

"गिऱ्हान हाय. थोडं बसते."

"सहकारी कारखाना हाय, तुझं म्हायेर न्हाई," वडील म्हणाले. "गाडी भरायचीय. उचल कोयता."

तिनं उचलला.

भाऊ जन्मला. डॉक्टर म्हणाले, डाऊन सिंड्रोम. बारशाला आजीनं सगळ्यांदेखत विचारलं, "गिऱ्हानात कोयता धरलता का न्हाई?" आत्या हसली, "वैनी लई कामाची! सूर्यालाबी सोलून आली." आईनं वडिलांकडं पाहिलं. ते सुपारी कातरत राहिले.

तेव्हापासून गावात कुणाच्या डोहाळजेवणाला आईला ओटी भरायला बोलावत नाहीत.

खरं काय ते मला कॉलेजात कळलं. स्त्रीबीजात गुणसूत्रांच्या जोड्या प्रथिनांच्या कड्यांनी धरून ठेवलेल्या असतात, मोळी उसाच्या वाढ्यांनी, शेंड्याच्या पाल्यानं, आवळावी तशा. आईच्या बीजांत त्या कड्या पडल्या, ती स्वतः तिच्या आईच्या पोटात असताना! नंतर त्या फारशा बदलल्या जात नाहीत. वाढे वाळले की मोळी ढिली होते, तशा वयानं त्या सैल पडतात. मग बीज विभागताना एखादी जोडी चुकीची सुटते, दोन्ही गुणसूत्रं एकाच बाजूला जातात. बापाकडून एक येतं, एकविसाव्या जोडीत बाळाला तीन होतात, तेच डाऊन सिंड्रोम. हे गर्भ राहतानाच ठरतं. ग्रहण लागलं तेव्हा भाऊ पोटात लाथा मारत होता. कोयत्याचा काय संबंध?

घरी येऊन सांगितलं. वडील म्हणाले, "आता जुनं कावून उकरायलीस?"

आई भावाला घास भरवत राहिली. ती अजून स्वतःलाच दोषी धरते.

म्हणून उकरतेय. तुमच्या घरी डोहाळजेवण असेल, तर अशा आईला पहिली ओटी भरायला बोलवा. आणि तिला कोयता उचलायला लावणारा पंगतीत बसला असेल, तर जेवायच्या आधी त्याला चारचौघांत 'मीच उचलायला लावला, तिचा दोष न्हाई' असं बोलायला लावा.