चौऱ्याऐंशी नंबरची फाईल

सकाळी दहाला पोचले, तर लॅपटॉपवर लाल अक्षरांत लिहून आलेलं: नोड तीन संपर्कात नाही. आदल्या दिवशी पाच वाजता मी तिन्ही मशीन हिरवी करून निघाले होते. मी डोळे फाडून बघतेय तोवर रॅकमधून पंख्यांचा आवाज आला आणि तिसरं मशीन आपलं आपण जिवंत झालं. कुणी हात लावला नाही, काही नाही. आमच्या धंद्यात आपोआप बिघडलेलं परवडतं, आपोआप दुरुस्त झालेलं परवडत नाही.

हे भंडाऱ्यातल्या एका कार्यालयाच्या रेकॉर्ड रूममधलं. लोखंडी कपाटं, जुन्या कागदांचा वास आणि कोपऱ्यात आमचा नवा काळा रॅक. शेजारी तिथल्या अधिकारी साहेबांच्या कामाचा कॉम्प्युटर. मी नागपूरच्या एका कंपनीत स्टोरेज इंजिनिअर आहे. सीनियर लोकांमागे उभी राहून क्लस्टर लावलेले पुष्कळ पाहिले होते, पण एकटीने लावायची ही पहिलीच वेळ होती.

क्लस्टर म्हणजे काय, ते सोपं आहे. तीन मशीन, प्रत्येकात आपापल्या डिस्क. आतून एकमेकांशी जोडलेली. बाहेरून मात्र सगळं मिळून एकच कपाट दिसतं. प्रत्येक फाईलची नक्कल किमान दोन मशीनवर असते. एक बंद पडलं तरी उरलेली दोघं काम ओढतात. प्रत्येक मशीनला नोड म्हणतात. ही तिघं दर सेकंदाला एकमेकांना ‘आहेस ना?’ विचारत असतात. उत्तर आलं नाही की लाल अक्षरं येतात.

या कपाटात काय जाणार होतं, ते मला ऑर्डर हातात आल्यापासून माहीत होतं. गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या गावांची घरपाहणी. गाव उठायच्या आधी माणसं घरोघरी गेली होती. घर मोजायचं, घरच्या माणसाला हातात नंबरची पाटी देऊन दारात उभं करायचं, कॅमेऱ्यासमोर नाव सांगायला लावायचं. पुढे त्या व्हिडिओ टेपांच्या फाईली झाल्या. त्या ज्या जुन्या मशीनच्या डब्यात होत्या, त्याच्या डिस्क आता घरघरत होत्या. डबा मरायच्या आत सगळं नव्या क्लस्टरवर हलवायचं, हे माझं काम.

त्यात आमचं गाव होतं. आमचं घर नंबर चौऱ्याऐंशी. पाहणी झाली त्या दिवशी मी सातवीच्या वर्गात बसले होते. बाबा धानाच्या बांधीत होते. दारात पाटी धरून आई उभी राहिली होती. पुनर्वसनात आल्यावर चौथ्या वर्षी ती गेली. आसगावच्या मामांकडे तिचा एक फोटो होता, तो मोठा करून आम्ही भिंतीवर लावला. फोटो आहे, पण आवाज नाही. तिचा आवाज मला आठवत नाही. हाक मारायची एवढं आठवतं, शब्द आठवतात, पण ते कोणत्या आवाजात म्हणायची हे कितीही डोकं खाजवलं तरी येत नाही. तो आवाज ऐकण्यासाठीच मी ही साइट मागून घेतली, हे आमच्या कंपनीतल्या देशकर सरांना ठाऊक नव्हतं.

निघायच्या आधी मी त्यांना नुसतं सुचवून पाहिलं होतं.

“सर, कॉपी झाल्यावर एखादी फाईल उघडून बघावी का? नीट आलीय की नाही ते कळेल.”

“अजिबात नाही. हॅश जुळवायचा, बस. डेटा क्लायंटचा आहे. फाईली न उघडायच्या हमीपत्रावर तुझीच सही आहे ना?”

होती. हॅश म्हणजे फाईलवरून गणित करून काढलेला आकडा. इकडचा आणि तिकडचा आकडा जुळला की फाईल न उघडता समजतं, जशीच्या तशी आली. नियम चांगलाच आहे. इतर वेळी मीच तो नव्या पोरांना तोंड वर करून शिकवते.

बाबांना मात्र फोनवर सांगून बसले होते, की आईची फाईल माझ्या हातून जाणार आहे.  ते म्हणाले, “दिसली तं सांगजो.”

तर दुसऱ्या दिवशीचं ते तिसरं मशीन. मी लॉग उघडला. लॉग म्हणजे मशीनची डायरी. त्यात लिहिलेलं, की संध्याकाळी पाच चाळीसला दोन्ही पॉवर सप्लाय गेले आणि सकाळी दहाला परत आले. कॉपी मात्र थांबलेली नव्हती. एक आणि दोन नंबरने ती खेचून नेली होती. आमच्या गावाचं फोल्डर त्याच रात्री उतरलं होतं. यादीत ८४ दिसलं, त्यापुढे ‘हॅश जुळला’. मी त्या ओळीवर बोट ठेवून बसले. दोनदा क्लिक केलं असतं तर झालं असतं. कुणी बघत नव्हतं. शेवटी लॅपटॉप मिटला आणि चहा प्यायला निघून गेले, कारण तिथे बसले असते तर उघडलीच असती.

त्या संध्याकाळी मी पाचला निघाले नाही. रॅकमागे स्टूल टाकून बसले. पाच चाळीसला लांजेवार मामा आले. लांजेवार मामा म्हणजे तिथले शिपाई, रिटायरमेंटला आलेले, पांढरी टोपी, हातात किल्ल्यांचा जुडगा. शांतपणे भिंतीजवळ गेले आणि खटकन एक स्विच बंद केला. तिसरं मशीन गप्प झालं.

“मामा! काहून बंद केलं?”

मामा दचकले. मग मी कोणत्या मुलखाची ते बोलण्यावरून ओळखून निवांत झाले.

“दोन लायनी कायले चालू ठेवाच्या जी? एक तं चालू हाये ना, थे ओरडते डब्बेवाली. थिले मी हात नाही लावत.”

“रोज बंद करता?”

“दिवा लावाच्या टायमाले रिकामी लाईन चालू ठेवत नाही मी. घरची राहो का सरकारची. सकाळी आलो का पहिले लावून देतो.”

ओरडणारा डबा म्हणजे यूपीएस. रॅकमागे प्लगच्या दोन पट्ट्या होत्या. डावी यूपीएसवर, उजवी थेट लाईनवर. प्रत्येक मशीनला दोन वायर असतात त्या याचसाठी, एक इकडे, एक तिकडे. मामांनी उजवी लाईन बंद केली तरी कशाचंच काही बिघडायला नको होतं. मग तीन नंबर का पडलं? मी वाकून पाहिलं. तीन नंबरच्या दोन्ही वायर उजव्याच पट्टीत. डावीकडची वायर वीतभर आखूड पडत होती. उद्या लांब आणू म्हणून मीच त्या शेजारी शेजारी खुपसल्या होत्या. मामांवर तोंडसुख घ्यायची सगळी तयारी झाली होती. ती गिळावी लागली.

मामा स्टूलवर बसले. बोलता बोलता कळलं, की घरपाहणीच्या वेळी घर मोजायच्या टेपचं दुसरं टोक धरायला तेच होते. मी गावाचं नाव सांगितलं.

“आमच्या गावात गेले होते तुम्ही? चौऱ्याऐंशी नंबर. माझी आई होती दारात.”

मामांनी खूप आठवून पाहिलं. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले.

“खोटं नाही बोलत, बाई. लय घरं पाह्यली. चेहरे नाही राह्यले ध्यानात. सबन लोकांनं च्या पाजला, एवढं आठवते.” थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, “तुमी पाह्यलं नाही काय थे?”

“आम्हाला उघडता येत नाही, मामा.”

 मामा स्विच परत चालू करून, किल्ल्या वाजवत गेले.

तिसऱ्या दिवशी लांब वायर लावली. कॉपी संपली. आता राहिली चाचणी. साहेबांनी नव्या क्लस्टरवरची कोणतीही फाईल लावायची, ती चालू असताना मी एक मशीन बंद करायचं. फाईल चालत राहिली तर साहेब सही करणार. उघडायचा हक्क त्यांचा, बंद करायचा माझा.

साहेब तरुण होते, घाईत होते. “मॅडम, कोणती लावू?”

“कोणतीही, सर.”

चहाचे कप उचलत मामा म्हणाले, “चौऱ्याऐंशी लावा, साहेब.” आणि गावाचं नाव सांगितलं.

मी रॅकच्या मागे होते, दोन्ही हातांत एका मशीनच्या दोन वायरी. तिथून पडदा दिसत नाही. फक्त ऐकू येतं. आधी वारा. कोंबडी. मग पुरुषाचा आवाज, “घर क्रमांक चौऱ्याऐंशी. नाव सांगा.”

“थांबा जी, पदर घेऊ द्या.”

हाच. हाच आवाज. इतका बारीक होता तो? मी उगाच भारदस्त समजत होते.

“मॅडम, काढा,” साहेब म्हणाले.

“घरात किती जण?”

“आमी दोघं अन् पोट्टी. पोट्टी शाळेत गेली हाये...”

मी वायरी ओढल्या. आवाज तुटला. मशीन गेलं की उरलेली दोघं आधी खात्री करून घेतात, मग त्याचं काम वाटून घेतात. त्याला काही सेकंद लागतात. पंधरापर्यंत चालतं, असं आमच्या कागदात लिहिलेलं आहे. मी मोजत होते. सहा. सात. या कामात आजवर मी कशाचीही इतकी भीक मागितली नसेल. नऊ.

“...दिसत नाही मनून सोडू नका. थिचं बी नाव लिहा जी.”

मी बाहेर आले तोवर फाईल संपून पडदा काळा झाला होता. साहेब खूश. “चाललं की! आणा, सही करतो.”

“साहेब,” मामा म्हणाले, “बाईची माय होय थे.”

साहेबांचं पेन थांबलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग कागदाकडे. मग पेनाला टोपण लावलं. “मशीन तीन आहेत ना, मॅडम? मग चाचण्याही तीन होतील. नियमाने.”

बंद केलेलं मशीन परत जुळायला पाऊण तास लागतो. साहेबांनी दोनदा पाऊण तास काढला. दुसऱ्या वेळीही मी मागेच होते. तिसऱ्या वेळी मामांनी माझ्या हातातून वायरी घेतल्या.

“बंद कराचं काम माह्यावर सोडा. तुमी तिकडं बसा.”

मी साहेबांच्या शेजारी बसले. आईने पाटी आधी उलटी धरली होती. कुणी तरी सांगितल्यावर सरळ केली आणि हसली. आज माझं जे वय आहे, त्याहून ती फार तर दोन वर्षांनी मोठी होती. तिच्या मागे दोरीवर माझा शाळेचा दुसरा फ्रॉक वाळत होता. मामांनी वायरी काढल्या तेव्हा तिचं तोंड अर्धवट उघडं होतं. तशीच थांबली ती, आठ सेकंद. यावेळी ती पुढे बोलणार हे मला माहीत होतं.

बाहेर येऊन बाबांना फोन लावला.

“दिसली?”

“दिसली.”

“काय म्हने?”

“माझं नाव लिहा म्हणे.”

बाबांनी लगेच विचारलं, “थे आपल्याले भेटन काय?”

त्या फाईलची प्रत मिळावी म्हणून बाबांनी रीतसर अर्ज केला आहे. आवक क्रमांक मिळाला आहे, प्रत अजून मिळायची आहे. या कामातून शिकायचं म्हणाल तर एवढंच: दोन वायरी एकाच पट्टीत लावल्या तर ती एकच वायर असते, आणि संध्याकाळी स्विच बंद करणाऱ्या माणसाला पहिल्याच दिवशी भेटून घ्यावं. बाकी आमच्या देखभालीच्या करारात दर तीन महिन्यांनी एकेक मशीन बंद करून चाचणी घ्यायची असं एक कलम आहे. बहुतेक इंजिनिअर ते फोनवरच उरकतात. मी भंडाऱ्याला जाते. एकदाही चुकवलेली नाही.