इनासची बायको

देवबागच्या आंजेलिन फर्नांडिसचा नवरा इनास समुद्रात गेला आणि त्याचं प्रेत कधी मिळालं नाही. खाडीच्या तोंडावर होडी उलटली, तेव्हा त्याच्यासोबत एकटा पास्कू होता. त्याला दुसऱ्या होडीवाल्यांनी ओढून काढलं. पोलिसांना त्याने एवढंच सांगितलं, "होडी पलटी झाली, मगे माका काय दिसला नाय."

प्रेत नाही म्हणून दफनही नाही. आंजेलिन पर्यटकांसाठी जेवण रांधू लागली. नजर गेलेली सासू, मोंतीन, ओसरीवर बसून असायची आणि फाटक वाजलं की विचारायची, "इनास इलो गो?" आंजेलिन नाही म्हणायची. पण म्हणण्याआधी एकदा वळून पाहायचीच.

वर्षं गेली. इनास मयत झाल्याचा सरकारी दाखला हातात आला. पास्कूची बायको केव्हाच वारली होती. आंजेलिनचा पंप दुरुस्त कर, कौलं चाळून दे, असं करता करता एके दुपारी तो ओसरीवरच म्हणाला, "लगीन करूया आपण."

तिला तो आवडू लागला होता, आणि या आवडण्याचीच तिला भीती वाटत होती. त्याच्या बोलण्यावर हसू फुटलं की स्वयंपाकघराच्या दारात कुणी उभं असल्यासारखं वाटे, अंगावरून खारं पाणी निथळणारं. वळलं तर कुणी नसे. तरी ती तिथली जमीन पुसून घेई.

ती फादरांकडे गेली. वयस्कर फादरांनी सगळं ऐकलं.

"दाखला सरकारला पुरतो," ते म्हणाले. "तू देवासमोर शब्द दिलास तो मरणापर्यंतचा. इनास गेला याची खात्री पटेल अशी साक्ष मिळाली, तर बिशप तुला मोकळी करतील. तोवर तू त्याची बायको आहेस. पास्कूला एकट्यात भेटू नकोस. आणि मनातसुद्धा त्याच्याशी संसार मांडू नकोस. ते जास्त कठीण आहे, मला ठाऊक आहे."

साक्ष देण्याजोगा माणूस एकच होता.

"मी सांगतंय," पास्कू लगेच म्हणाला. "इनासाक बुडताना मी बगलंय."

आंजेलिनने पाखडता पाखडता सूप खाली ठेवलं. "पोलिसांक तर काय दिसला नाय म्हणालंस. आता समुद्रान दाखवल्यान?"

पास्कू खाली बघत राहिला. "तुका मोकळी करूची होती."

"माझ्यासाठी तेका मारू नको, पास्कू."

तो उठून गेला. त्या रविवारी मिसा संपल्यावर त्यानेच तिला फादरांच्या समोर थांबवलं. चेहरा उतरलेला होता.

"जा खरा ता सांगतंय. काळोख होतो, दिसला काय नाय. पण मी हाक मारलंय आणि इनासान ओ दिल्यान. दोनदा. मगे तो आवाज लांब जायत गेलो. माका पवत जावक व्हया होता. मी होडयेक धरून रवलंय."

फादरांनी डोळे मिटले. साक्ष झाली होती, पण ती इनास मेल्याची नव्हे, तो जिवंत असल्याची होती. बिशपांकडे अर्ज गेला नाही.

आंजेलिन त्याच्यावर रागावली नाही. खोटं बोलून ती त्याला मिळाली असती, ते त्याने सोडलं. तेव्हा त्याच्याबद्दल जितकी माया दाटून आली तितकी कधीच आली नव्हती. त्याने ते ओळखलं असावं. महिनाभरात तो गोव्याला बोटींच्या कारखान्यात कामाला निघून गेला. मोंतीन वारली तेव्हा खांदा द्यायला आला, आणि दफन आटोपताच परतला.

घरात आता ती एकटीच असते. पाहुण्यांसाठी मासे साफ करताना, वारा दक्षिणेचा असला की तिला ओ ऐकू येते. आधी जवळून, मग लांबून. पास्कूने सांगितलं नसतं तर ती ऐकू आली नसती, असं तिला वाटतं. खोटं बोलू दिलं असतं तर, हेही कधी मनात येतं, आणि ती घाईने जपमाळ घेऊन तेर्स म्हणायला लागते.

नोव्हेंबरात मेलेल्यांच्या दिवशी गाव सिमितेरीत, कबरींपाशी जमतो. फादर प्रत्येकाला प्रार्थनेत घ्यायची मृतांची नावं विचारतात. आंजेलिन सासूचं नाव देते.

"आणि?" फादर हळूच विचारतात.

"एकच नाव, फादर," ती म्हणते.