दोघांत एक सिनेमा

परवा पुण्याचे एक पाहुणे घरी आले होते. बोलता बोलता म्हणाले, "त्या काळात अकोल्यात इंग्रजी सिनेमे कोण पाहत असेल हो?" आणि वर हसलेसुद्धा. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, भाऊ, चहा थंड झाला तरी चालेल, आधी ऐकून घ्या. आमच्या दुर्गामामीनं जेवढा जीव लावून हॉलिवुडचे सिनेमे पाहिले, तेवढा जीव लावून तुमच्या डेक्कनवर कोणी पाहिले असतील तर माझं ललिता हे नाव बदलून ठेवीन.

मामी म्हणजे अकोल्याच्या अकोट फैल वस्तीतली आमची शेजारीण. रक्ताचं नातं नव्हतं, पण मी तिला मामी म्हणायची आणि तिच्या नवऱ्याला, देवरावांना, मामा. मामी दर्यापूरकडची. उंच, काळीसावळी, आणि आवाज असा की गल्लीच्या या टोकाला बोलली तर त्या टोकाचं कुत्रं उठून बसे. जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस निवडायला जायची. शाळेचं तोंड पाहिलेलं नव्हतं. मी तेव्हा नुकतीच नगरपालिकेच्या शाळेत मास्तरीण झाले होते, म्हणून माझ्यावर तिचा भारी जीव होता आणि तेवढाच दराराही होता.

मामा मोठ्या लढाईत आसामात होते, फौजेचा ट्रक चालवायचे. तिथं रस्ता बांधणाऱ्या अमेरिकन पलटणीसोबत त्यांची ड्युटी लागली आणि त्यांची ती नाकातली, चघळत बोललेली इंग्रजी मामांच्या कानात पक्की बसली. छावणीत दिवस मावळला की पडदा ताणून सिनेमा दाखवत. पुढं गोरे बसत, आमच्या लोकांना पडद्याच्या मागून पाहावं लागे. मामा सांगायचे, "मी सारे सिनेमे उलटे पाहेले. माह्या सिनेमात सारेच डावखुरे." तरी नाद लागला तो लागलाच. लढाई संपली, मामा घरी आले, आणि काही वर्षांतच काचबिंदूनं त्यांचे दोन्ही डोळे नेले. मग ते ओट्यावर बसून कचेऱ्यांच्या खुर्च्या वेतानं विणून द्यायचे. हात इतके सफाईदार की त्यांना दिसत नाही हे नवख्या माणसाला कळायचंच नाही.

मामीला सांगायची सवय लागली ती छप्पन साली, नागपूरला धम्मदीक्षेला गेले तेव्हा. पांढऱ्या कपड्यांच्या त्या गर्दीत मामा सारखे तिचा हात ओढायचे, "काय दिसून राहिलं? सांग ना." मामी म्हणाली, "कापूस फुटलेलं वावर हाय, अन् त्याले शेवटच नाई." ते ऐकून मामा तिथंच रडले. त्या दिवसापासून मामी जे जे दिसेल ते सांगत गेली. बाजार, लग्न, कुणाच्या दारातलं भांडण, सगळं. भांडण तर ती इतकं रंगवून सांगायची की मामा म्हणायचे, चाल, परत एकदा तिकडून जाऊ.

टॉकीजचं नाव सांगत नाही, मालकाचे नातू अजून गावात आहेत. तिथं दर रविवारी सकाळी इंग्रजी सिनेमा लागायचा. मामा टॉकीजच्या मागच्या भिंतीला पाठ लावून बसायचे आणि आतून येणारं बोलणं ऐकायचे. एका रविवारी मामीनं त्यांना तिथं पाहिलं. बाजाराची पिशवी खाली ठेवली आणि म्हणाली, "भिताडाले काहून कान लावून बसले? आत जाऊ." गेले. पण आत गेल्यावर मामा पुरुषांच्या बाकड्यांवर, मामी जनान्यात. मधे लाकडी कठडा आणि त्यावर जाड पडदा. तेव्हाची रीतच तशी होती. बाल्कनीत नवरा-बायको शेजारी बसू शकत, पण सकाळच्या खेळाला बाल्कनी उघडतच नसत.

म्हणजे झालं काय, की मामांनी सगळं बोलणं ऐकलं आणि मामीनं सगळं चित्र पाहिलं. अर्धा सिनेमा कठड्याच्या या बाजूला, अर्धा त्या बाजूला. घरी आल्यावर ओट्यावर बसून दोघं ते जोडायचे, आणि जोडताना असे भांडायचे की विचारू नका.

"बंदूक वाजली तवा कोन पडला?" मामा विचारायचे.

"तो जाड्या."

"जाड्या कसा पडन? त्याच्यानंतर तो बोलला."

"पडून बोलला. मरतानी मानूस बोलते का नाई? तुमच्यासारखे तर मेल्यावरबी बोलतीन."

आम्ही सगळे शेजारी हसून बेजार. पण खरं सांगते, सिनेमा कसा पाहावा हे मी त्या ओट्यावर शिकले. मी जनान्यात मामीच्या शेजारी बसायची. माझं शाळेतलं इंग्रजी त्या घोडेस्वारांपुढं काही कामाचं नव्हतं, तेव्हा मी आपली हिरोचं तोंड पाहत बसायची. मामी म्हणायची, "तोंड नको पाहू. तोंड खोटं बोलते. हात पाह्य." आणि खरंच, दारात उभी असलेली ती गोरी बाई वरून हसते आहे आणि खाली तिचे हात पदरासारखं काहीतरी पिळताहेत, हे मामीनं दाखवेपर्यंत माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मामांचं वेगळंच. ते आवाजावरून माणूस तोलायचे. "हा चांगला बोलते, पण थांबून थांबून बोलते. हा दगा देईन," म्हणायचे, आणि तो द्यायचाच. काळेपांढरे, रंगीत, घोड्यांचे, कोर्टाचे, नाचगाण्यांचे, सगळे सिनेमे त्या दोघांनी असे उलगडून पाहिले. पुण्याच्या पाहुण्यांना हे काय कळणार!

तरी मामांच्या मनात एक काटा होता. एकदा खुर्ची विणता विणता बोलून गेले, "साऱ्या टॉकीजात लोक हासतात, अन् मी एकटा गप. कोन पडलं, कायले हासून राहिले, काहीच समजत नाई. घरी येऊन हासतो. शिळं हासू हाय हे माहं." मामी भाकरी थापत होती, तिचे हात थांबले.  दुसऱ्या दिवशी जिनातून सरळ टॉकीजच्या मॅनेजरकडं गेली.

मॅनेजर ओमप्रकाशजी. माणूस वाईट नव्हता, पण पांघरुणातसुद्धा इस्त्रीचे कपडे घालून झोपत असेल असा. मामीनं सांगितलं, मला नवऱ्याजवळ बसू द्या, मी त्याला दिसेल ते सांगीन. ओमप्रकाशजींनी बराच विचार केला, जनान्यात येणाऱ्या चारदोन बायकांना विचारलं, आणि मोठ्या मनानं तोडगा काढला. पुरुषांत बाई बसवता येणार नाही, पण देवरावांना जनान्यात बसवू. त्यांना दिसत नाही, तेव्हा बायकांना लाज कसली? बायकांनीही आनंदानं माना डोलावल्या. मामी तर उडतच घरी आली.

मामांनी हातातला वेत खाली ठेवला. "बायकांत बसू?"

"हो ना. साऱ्या तयार हायेत. त्या म्हनतात, याले कुठी दिसते!"

मामांनी वेत पायानं बाजूला सारला. मग म्हणाले, "डोये गेले माहे. मी नाई गेलो. मी बाप्या हाय. बायकांले माही लाज वाटत नसन, तर मले तठी जाचं नाई."

आणि त्यांनी सिनेमाच सोडला. भिंतीशी बसणंही सोडलं. रविवार आला की खुर्ची पुढं ओढायची आणि वेत असा खेचायचा की तुटेल. मामीही गेली नाही. ओटा एकदम सुना झाला. मला त्यांचा असा राग आला! गेले आणि तोंडावर बोलले, "मामा, एवढा कसला ताठा? सोय करून दिली लोकांनी, तर ती घ्यायची नाही? मामीचा जीव तुटतो आहे, तो दिसत नाही?"

बोलून बसले आणि जीभ चावली. पण मामा हसले. म्हणाले, "दिसत नाई, पन समजते मले. ललिते, तू सांग. शाळंत सारे मास्तर खुर्चीवर, अन् तुले म्हनले, तू खाली बस, तुह्यानं काई धोका नाई, तर बसशीन?"

 माझ्या तर अंगाचा तिळपापड झाला असता. तशीच परत आले आणि मामीला सांगितलं. मामीनं ऐकून घेतलं, लुगड्याचा पदर कमरेला खोचला आणि म्हणाली, "बराबर हाय त्याईचं. त्याईनं बायकांत काहून यावं? मीच बाप्यायत जाईन."

"अगं मामी, ते बिड्या ओढतात, शिट्ट्या मारतात!"

"जिनात काय धूप लावून राहतात? तू येतं का नाई ते सांग."

नाही म्हणायची माझी टाप नव्हती. घरी आईला सांगितलं असतं तर तंगडं मोडलं असतं, म्हणून सांगितलंच नाही. रविवारी सकाळी मामांनी पांढरा सदरा घातला. मामीनं त्यांचा हात धरला, मी मागं. आम्ही सरळ पुरुषांच्या दाराशी. दारावर जानराव, तिकिटं फाडणारा.

"बाई, बायकायचं दार तिकडं हाय."

"मले माहीत हाय. आज इकडून जाचं हाय."

"काहून?"

"नवरा इकडं बसते म्हनून."

जानरावानं असं उत्तर उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं. तो पळत गेला आणि ओमप्रकाशजींना घेऊन आला. मागं रांग वाढत होती. ओमप्रकाशजी हात जोडून म्हणाले, "दुर्गाबाई, आपण ठरवलं होतं ना? इथं बाई बसली तर माहोल खराब होईल."

"माहोल कोन खराब करते? मी, का तुमचे शिट्ट्या मारनारे?"

"अहो, ते मारतातच…"

"मंग त्याईले काढा बाहेर. मी काहून जाऊ? तिकिटावर लिवलं हाय का, का बाईनं इथं बसू नाई म्हनून? ललिते, वाच त्याले."

मी वाचलं. लिहिलेलं नव्हतं. आत घंटा वाजली आणि रांगेतून कुणीतरी ओरडलं, "अरे जाऊ द्या ना भाऊ त्या बाईले, सिनेमा सुरू होऊन राहिला!" ओमप्रकाशजी बाजूला झाले.

आत आम्ही बाकड्यावर बसलो आणि आजूबाजूची बाकडी वळून आमच्याकडं पाहायला लागली. कोणी खोकलं, कोणी खिंकाळलं. मी मान खाली घातली. मामी मात्र अशी ऐसपैस बसली, जशी स्वतःच्या ओट्यावर. दिवे गेले. पडद्यावर उजाड मुलूख, धूळ, लांबून येणारा एक घोडेस्वार.

मामीनं सुरुवात केली. "येऊन राहिला. एकटाच हाय. दाढी वाढली, टोपी डोयावर. घोडा थकला. आता घर आलं. दारात बाई. हातात पान्याचं भांडं हाय. देत नाई अजून."

"ती म्हनते," मामा म्हणाले, "एवढ्या वरसानं तोंड दाखवतं का?"

"भांडं घट्ट धरलं तिनं. पानी सांडून राहिलं, तिले पत्ता नाई."

"तो म्हनते, तहान लागली."

"ओ मामी, चूप बसा ना!" मागून एकजण ओरडला.

मामी वळली. "तुले इंग्रजी येते?"

"नाई."

"मंग ऐक."

हशा पिकला, आणि त्या हशात मामाही होते. थोड्या वेळानं तोच मागचा माणूस हळूच विचारायला लागला, काका, आता तो काय म्हणाला? मामा सांगायचे. पुढच्या बाकड्यावरचे दोघं सरकून जवळ आले. गोळीबार झाला, गुंड मेले, एक पळाला. कोण पडलं, कसं पडलं, मामी सगळं त्या क्षणाला सांगत होती, आणि मामांचा चेहरा! मी पडदा सोडून त्यांच्याकडंच पाहत होते. दहा वर्षांनी तरुण झाला होता माणूस.

मग शेवट जवळ आला. वाद्यं हळू झाली, बोलणं थांबलं, आणि एकदम मामीही थांबली. पडद्यावर तो घोडेस्वार त्या बाईच्या अगदी जवळ गेला होता. कोपऱ्यातून पहिली शिट्टी आली, मग दुसरी, मग सगळं टॉकीज पेटलं. माझे कान तापले. देवा, आता हिला काही विचारू नका, असं मी मनात म्हणते न म्हणते तोच मामांचा आवाज.

"काय झालं? काहून थांबली तू?"

मामीचा हात वर गेला. लुगड्याचा पदर तोंडाशी.

"दुर्गे, काय चालू हाय? लोक कायले शिट्ट्या मारून राहिले? सांग ना!"  आजूबाजूच्या साऱ्या माना आमच्याकडं वळल्या. एवढ्या बाप्यांत, उघड, कसं सांगणार ती?

मामीनं पदर खाली घेतला. ताठ बसली. आणि जो आवाज गल्लीच्या त्या टोकाला जायचा, त्या आवाजात म्हणाली, "मुका घेऊन राहिला तो तिचा."

शिट्ट्या जागच्या जागी थांबल्या.

"अन् ती?" मामांनी विचारलं.

"तिनं डोये मिटले."

 मामा अगदी आरामात म्हणाले, "मंग तिलेबी माह्याएवढंच दिसून राहिलं."

कोणी हसलं नाही. मामीनं तिथंच, साऱ्या बाप्यांत, त्यांचा हात हातात घेतला. "चूप बसा आता," ती म्हणाली, "समोर पाहा." आणि मामांनी तोंड पडद्याकडं केलं.