संगीतासाठी जुनी पिकअप

विषय : जुनी डिझेल पिकअप खरेदी करण्यापूर्वी तिच्या यांत्रिक स्थितीची पाहणी करणेबाबत.
संदर्भ : महादेवअप्पांचा तोंडी आदेश.

उपरोक्त विषयी सादर करण्यात येते की, आरटीओत कारकून असताना मी एकाही गाडीखाली वाकून पाहिले नाही. निवृत्तीनंतर मात्र बीडच्या आसपास विक्रीला निघालेल्या बहुतेक पिकअप मी खालून ओळखतो. असे किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. मनासारखी गाडी मिळेपर्यंत ते आपोआप साठत जातात.

पार्श्वभूमी थोडक्यात. माझे मित्र महादेवअप्पा यांचे बीडमध्ये किराणा दुकान आहे. त्यांचा धाकटा भाऊ नागनाथ सीताफळाच्या बागांतून पिकअपने माल बाजारात न्यायचा. गेल्या साली घाटाच्या उतारावर ब्रेक लागला नाही आणि नागनाथ गेला. आता त्याची मुलगी संगीता बापाचे बागवाले सांभाळते म्हणते. लायसन्स आहे, हात चांगला बसलेला आहे. बागवाल्यांचे म्हणणे एवढेच, की हंगामाआधी गाडी दारात दिसली तर माल तिचा, नाहीतर दुसऱ्याचा. पैसे अप्पा देणार, पण गाडीची पूर्ण खात्री पटल्यावर. इंजिन पाहायचे बशीरभाई मेकॅनिकने, कागद पाहायचे मी.

*

बशीरभाईंची एक पद्धत आहे. नमस्काराच्या आधी ते बोनेटवर हात ठेवतात. थकलेले डिझेल इंजिन थंड असताना सुरू व्हायला कुरकुरते, म्हणून विकणारा आपण पोचायच्या आधीच ते गरम करून ठेवतो.

पहिली गाडी स्टँडमागे, लिंबाखाली उभी होती. मालक म्हणाला, "काल सांजच्यापासून हलवली न्हाई."

बशीरभाईंनी हात ठेवला आणि उचलला. "मग तापली कावून?"

"ऊन लई हाय ना."

संगीताने वर लिंबाकडे पाहिले. "बरोबर. सावलीत जरा जास्तच पडलंय."

*

गेवराईच्या मालकाने शपथेवर सांगितले की गाडीने दुधाशिवाय काही वाहिले नाही. बशीरभाई मागे जाऊन वाकले. स्प्रिंगचे पाटे कंपनीने दिले त्याहून जास्त होते. चेसीच्या पोकळीत बोट घातले, तर बोटाला वाळू.

"दुधाला जादा पाटे कशाला लावले बे?"

मालक जराही डगमगला नाही. "आमच्याकडचं दूध घट्ट असतंय."

 परतताना अप्पा म्हणाले, "वाळू उपसणाऱ्यानं निदान गाडी तरी धुवावी."

*

तिसऱ्या ठिकाणी गाडीला हार घातलेला, नारळ फोडलेला आणि मागच्या बंपरला, थेट सायलेन्सरच्या वर, उदबत्त्यांचा अख्खा पुडा लावलेला. "गिऱ्हाईक म्हंजे देव. म्हणून पूजा केली," मालक म्हणाला.

धुराचा रंग पाहिल्याशिवाय डिझेल गाडी घेत नाहीत. निळा असेल तर इंजिन ऑइल पीत आहे असे समजायचे. बशीरभाईंनी बाज ओढून घेतली. "देवाचं काम हाय. आमी उदबत्ती विझेपर्यंत बसतो."

बसलो. चहा झाला. उदबत्त्या विझल्या. गाडी सुरू केली आणि अंगण निळे झाले. मालकाने हात जोडले. गाडीला की आम्हाला, ते कळले नाही.

*

चौथ्या गाडीत दोष निघाला नाही. संगीता ती कपिलधारच्या रस्त्यावर चालवून आली. बशीरभाईंनी उतारावर ब्रेक पाहिला. अप्पा म्हणाले, "परत दाबा." परत दाबला. "परत." शेवटी मालकच वैतागला. "अप्पा, गाडी घ्यायलात की सोयरीक जमवायलात?"

अप्पांनी ती गाडी नाकारली. कारण विचारल्यावर म्हणाले, "आज लागला. उद्याचं काय?"

संगीता रस्त्यातच थांबली. "तुमाला गाडी नकोच हाय, अप्पा. तुमाला हमी पायजे. ती कोण विकत न्हाई."

अप्पा तिच्याकडे न पाहता पुढे चालू लागले.

*

पाचवी गाडी एका पत्र्याच्या शेडमध्ये होती. ताजा निळा रंग, नंबरप्लेट रंगासाठी काढून ठेवलेल्या. बोनेट थंड होते. इंजिन पहिल्याच किल्लीला सुरू झाले. धूर साफ. संगीता गाडीत बसली, बशीरभाई खाली शिरले.

खाली खरवडल्याचा आवाज आला आणि मग बंद झाला. बाहेर येऊन ते मालकाला म्हणाले, "चेसी तुटून जोडलेली हाय." मग गाडीच्या दारापाशी गेले आणि क्लचकडे पाहत राहिले. पेडलवर लोखंडाची जाड पट्टी वेल्ड केलेली होती.

"अप्पा," ते हळूच म्हणाले, "दुसरी बघू."

नागनाथचा डावा पाय आखूड होता. क्लचवर पाय पुरावा म्हणून बशीरभाईंनीच ती पट्टी लावून दिली होती. अपघातानंतर अप्पांनी गाडी भंगारवाल्याला दिली होती, पुन्हा तिचे तोंड पाहायचे नाही म्हणून.

संगीताचा पाय पट्टीवर होता. तिने तो काढला नाही.

मालकाने कागद माझ्या हातात दिले. भंगारवाल्याकडून गाडी याच्याकडे आली, कागद मात्र कोणी हलवले नव्हते. मालकाच्या रकान्यात अजून नागनाथच होता.

अप्पांनी किंमत विचारली. घासाघीस केली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पा माझ्याकडे आले. गाडीची नोंदणी कायमची रद्द करून ती तोडावी, असा अर्ज लिहून मागितला. मी लिहून दिला. दुपारी संगीता आली. वारस म्हणून गाडी आपल्या नावावर करावी, असा अर्ज तिला हवा होता.

"चेसीचं काय?" मी विचारले.

"बशीरचाचा नवी टाकतो म्हणलेत. पट्टी न्हाई काढायची."

तोही लिहून दिला.

गाडी बशीरभाईंच्या गॅरेजसमोर उभी आहे. बागांत काढणीला आलेली सीताफळे डोळे उघडू लागली आहेत. दोन्ही अर्ज एकाच कार्यालयात, एकाच टेबलावर आहेत आणि दोन्ही प्रलंबित आहेत.